बिऱ्हाड हलवताना

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. माझी सारी नोकरी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत झाली. बदलीचा आदेश आला, की एक वळकटी, एक स्टोव्ह, चार भांडी आणि पुस्तकांचे गाठोडे एसटीच्या टपावर टाकायचे आणि नव्या गावाला जायचे. त्याला घर हलवणे म्हणता येणार नाही. खरे घर, म्हणजे आईच्या देव्हाऱ्यापासून अंगणातल्या पाट्या-वरवंट्यापर्यंतचे घर, आम्ही तीनदाच हलवले. पहिल्या वेळी काही लिहून ठेवले नाही आणि काहीही हरवले नाही. दुसऱ्या वेळीही काही लिहून ठेवले नाही आणि जे हरवले ते पुन्हा मिळाले नाही. तिसऱ्या वेळी सगळे लिहून ठेवले. आज बोलायचे आहे ते या तीन खेपांविषयी, कारण व्यावसायिक लोकांकडून घर हलवून घेताना काय सांभाळावे लागते ते त्यातच मी शिकलो.

आमचे मूळ घर हिरडस मावळातले, म्हणजे भोरच्या पश्चिमेला नीरा नदीच्या खोऱ्यातले. नीरा देवघर धरणाचे पाणी येणार हे नक्की झाले तेव्हा खोऱ्यातल्या अनेक घरांना उठावे लागले. या भागाला ते नवे नव्हते. इंग्रजांच्या काळात भाटघरचे धरण झाले, पुढे वेल्ह्याच्या बाजूला पानशेत आणि वरसगाव झाले. दर धरणामागे कुणाचे तरी घर हलले आहे. आम्ही भोरला यायचे ठरवले. तेव्हा सामान हलवणारी कंपनी वगैरे शब्द आमच्या कानावरही नव्हते. भावकीला निरोप गेला आणि पहाटे पंचवीस-तीस माणसे दारात हजर झाली.

मावळात इर्जिक म्हणून एक रीत आहे. एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचे, मालकाने जेवण घालायचे, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. आज माझे, उद्या तुझे. आमचे घर हलले ते असेच. माणसांनी आधी कौले उतरवली, मग रिपा आणि वासे सोडवले आणि शेवटी तुळया खाली घेतल्या. बायकांनी पितळेची भांडी गोधड्यांत गुंडाळली. भाताची कणगी रिकामी करून पोती भरली. भोरहून एक ट्रक भाड्याने आणला होता. त्याच्या दोन खेपा झाल्या. संध्याकाळी भोरला माल उतरवला तेव्हा एक वाटीसुद्धा कमी भरली नाही. यादी नव्हती, पावती नव्हती. तरीही हे झाले, कारण सामान उचलणारा प्रत्येक जण आम्हाला ओळखत होता आणि पुढच्या जत्रेत आमच्या शेजारीच पंगतीला बसणार होता. त्या कामाला हमी होती ती ओळखीची.

दुसरी खेप २०११ सालची. आईच्या औषधपाण्यासाठी आणि मुलाच्या नोकरीसाठी आम्ही भोरहून पुण्याला, धनकवडीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. एव्हाना भावकीतली तरणी पोरे पुण्या-मुंबईला गेली होती. एका मंगळवारी पंचवीस माणसे गोळा करायची, तर कुणाची शिफ्ट, कुणाची परीक्षा. आणि सामानही बदललेले होते. फ्रिज, कपाट, धुलाई यंत्र, काचेचे टेबल हे सारे डोक्यावरून नेण्याचे काम नव्हते. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर एक नंबर होता, तो मी फिरवला. पलीकडच्या माणसाने घर न पाहताच आकडा सांगितला. आकडा कमी होता, म्हणून मी लगेच हो म्हणालो. माझी पहिली चूक ती.

ठरल्या दिवशी पाच पोरे आली. कामाला चपळ होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी भराभर खोकी भरली, टेम्पो गेला. आम्ही मागाहून एसटीने निघालो. टेम्पो दुपारी पोचायचा तो रात्री नऊला आला, आणि तोही दुसराच. वाटेत खेड शिवापूरच्या पुढे गाडी बिघडली म्हणून सामान दुसऱ्या गाडीत भरले, असे सांगण्यात आले. मजला जास्त आहे म्हणून अडीच हजार रुपये वर मागितले. ते दिल्याशिवाय दोर सुटेना. मी दिले. मग लिफ्टपाशी उभ्या उभ्या एका कागदावर सही मागितली. कागदावर छापले होते, ‘माल सुस्थितीत व पूर्ण मिळाला.’ मी सही केली.

सकाळी आई उठली आणि म्हणाली, “अरे, माझी पेटी कुठं आहे?”

हिरवी पत्र्याची पेटी होती ती. आत दागिने नव्हते. धरणात गेलेल्या जमिनीचे सगळे कागद होते. जुने सातबारे, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, मोबदल्याच्या पावत्या. माझा पुतण्या त्या वेळी एका सरकारी भरतीसाठी अर्ज करत होता. प्रकल्पग्रस्तांसाठी राखीव जागा असतात, पण दाखला मिळवायला कोणाची किती जमीन गेली ते दाखवावे लागते, आणि ते दाखवणारे कागद पेटीत. मी कंपनीला फोन केला. तिकडून शांतपणे विचारले गेले, “गुरुजी, पेटी होती याला पुरावा काय?”

पुरावा नव्हता. यादी नव्हती, खोक्यांवर नंबर नव्हते, उलट सगळे मिळाल्याची माझीच सही होती. कागदांच्या नकला मिळवता मिळवता वर्ष उलटून गेले आणि भरती संपली. पुतण्या आज शिरवळला एका कारखान्यात नोकरी करतो. त्याचे बरे चालले आहे आणि त्याने मला कधी शब्दाने दुखवले नाही. पण तो समोर आला की मला ती सही आठवते.

पुढे माझ्या लक्षात आले, की त्याच वर्षी, म्हणजे १ मार्च २०११ पासून, माल वाहून नेणाऱ्यांसाठी नवा कायदा लागू झाला होता. रस्त्याने मालवाहतूक करण्याचा २००७ चा कायदा, ज्याला इंग्रजीत कॅरेज बाय रोड अॅक्ट म्हणतात. त्याआधी आपल्याकडे १८६५ चा, बैलगाड्यांच्या जमान्यातला कायदा चालत होता. नव्या कायद्यातल्या चार गोष्टी घर हलवणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली गोष्ट, असा धंदा करणाऱ्याने परिवहन खात्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. नोंदणी क्रमांक विचारणे हा आगाऊपणा नाही. दुसरी गोष्ट कागदाची. माल पाठवणाऱ्याने, म्हणजे आपण, एक पत्रक भरून द्यायचे. त्यात काय माल आहे, किती नग आहेत, किंमत काय, हे लिहायचे. त्यावरून वाहतूकदाराने आपल्याला माल मिळाल्याची पावती द्यायची. या पावतीलाच धंद्यात बिल्टी म्हणतात. पावतीवर नगांचा जो आकडा असतो तो कायद्याने सकृद्दर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे पावतीवर बेचाळीस नग लिहिले असतील आणि घरी एक्केचाळीस आले, तर तो एक नग कुठे गेला हे सांगण्याची जबाबदारी त्यांची. माझ्या पेटीची गोष्ट इथेच अडली होती.

तिसरी गोष्ट, माल हरवला किंवा फुटला तर वाहतूकदाराचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करत बसायची गरज नाही. सामान त्यांच्या ताब्यात दिले होते आणि ते आले नाही, एवढे दाखवणे पुरते. महापूर, दंगल अशा काही कारणांना कायद्याने सूट दिली आहे, ती वेगळी. मात्र भरपाईला मर्यादा आहे. नियमाप्रमाणे ती भाड्याच्या दहापट, आणि तीही आपण पत्रकात लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. उदाहरण घेऊ. वाहतुकीचे भाडे नऊ हजार असेल तर मर्यादा नव्वद हजारांची. पण पत्रकात सामानाची किंमत चाळीस हजार लिहिली असेल तर चाळीसच. म्हणून किंमत कमी दाखवण्याचा शहाणपणा करू नये. बिलात पॅकिंग, हमाली आणि भाडे वेगवेगळे दाखवलेले असते. त्यातला भाड्याचा आकडा मुद्दाम पाहावा. सामान फार किमती असेल, तर जास्त जोखमीचा दर देऊन ही मर्यादा लेखी वाढवून घेता येते.

चौथी गोष्ट मुदतीची. दावा लावण्याआधी वाहतूकदाराला नुकसानीची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि तीही माल सोपवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. फोनवर कितीही भांडलात तरी त्याला नोटीस म्हणत नाहीत. मी चार महिने फोनच करत राहिलो होतो.

तिसरी खेप २०२३ ची. मी निवृत्त झालो होतो, आई गेली होती, मुलगा बंगळूरला होता. आम्ही दोघांनी भोरला परत यायचे ठरवले. या वेळी मी वही घेऊन बसलो.

तीन जणांना बोलावले आणि प्रत्येकाला सांगितले, घरी येऊन सामान पाहा, मगच आकडा सांगा. एकाने फोनवरच ८,५०० सांगितले आणि यायचे टाळले. त्याला तिथेच नमस्कार केला. बाकीच्या दोघांनी तासभर घर पाहिले. एकाने १३,००० आणि दुसऱ्याने १४,५०० सांगितले. घर हलवण्याचा दर अंतरावर ठरतो असे आपल्याला वाटते. पुणे-भोर हे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचे अंतर, त्यात डिझेलचा वाटा थोडा. खरा पैसा जातो तो सामानाच्या आकारमानात, बांधणीत आणि माणसांच्या घामात. कोणता मजला, लिफ्टमध्ये कपाट मावते का, दिवाण सोडवावा लागेल का, गाडी दारापर्यंत जाते का, या प्रश्नांवर आकडा ठरतो. हे प्रश्न जो विचारतच नाही, तो ते शेवटी, दोर सोडायच्या वेळी विचारतो. महिनाअखेरीला आणि सणामुहूर्ताला या लोकांकडे गर्दी असते. मधल्या आठवड्यातला दिवस घेतला तर दरही बरा मिळतो आणि माणसेही घाईत नसतात.

दोघांनाही आम्ही जीएसटी क्रमांक विचारला आणि मुलाने तो सरकारी संकेतस्थळावर तपासला. त्याला पैसे पडत नाहीत. हे अशासाठी, की नामांकित कंपन्यांच्या नावात एखादे अक्षर बदलून धंदा करणारे पुष्कळ आहेत. पाटीवरचे नाव, पावतीवरचे नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे मागतात त्याचे नाव ही तिन्ही एकच असावीत. इसार थोडा द्यावा आणि उरलेली रक्कम सामान घरात उतरल्यावर द्यावी. ‘मजल्याचे, हमालीचे, टोलचे पैसे यातच धरले आहेत’ हे वाक्य दरपत्रकात लिहून घ्यावे. मी ते घेतले आणि अडीच हजारांचा जुना प्रसंग पुन्हा आला नाही.

गाडीबद्दलही थोडे सांगतो. २००५ साली पुण्यातूनच टाटांची ‘एस’ ही छोटी गाडी आली. लोकांनी तिला छोटा हत्ती हे नाव दिले आणि गल्लीबोळातली बिऱ्हाडे तिने हलवली. पण दोन खोल्यांपेक्षा मोठा संसार असेल तर तिच्या दोन खेपा होतात, आणि दोन खेपा म्हणजे हरवण्याची दुप्पट संधी. तिथे ४०७ किंवा त्याहून मोठा टेम्पो बरा. दूरच्या गावाला जाताना काही कंपन्या दोन-तीन घरांचे सामान एकाच ट्रकमध्ये नेतात. ते स्वस्त पडते, पण सामान मध्येच गोदामात उतरते. पुण्याहून भोर-वेल्ह्यासारख्या जवळच्या प्रवासाला अख्खी गाडी घ्यावी, गाडीचा नंबर बिल्टीवर लिहून घ्यावा आणि वाटेत गाडी बदलायची नाही हे सांगून ठेवावे.

नव्या घराच्या बाजूचा रस्ता आपणच आधी पाहून यावे. भोरच्या जुन्या पेठेतल्या बोळात ४०७ शिरत नाही. तिथे छोटी गाडी लावून दुसऱ्यांदा सामान भरावे लागते किंवा डोक्यावरून न्यावे लागते. वेल्हे तालुक्यात, म्हणजे २०२५ पासूनच्या राजगड तालुक्यात, हे आणखी खरे. माझे एक सहकारी निवृत्तीनंतर तिकडच्या आपल्या गावी परत गेले. चेलाडी फाट्यावरून वळलेला टेम्पो वेल्ह्यापर्यंत सुखाने गेला आणि गावाच्या अलीकडच्या चढावर चाके जागच्या जागी फिरू लागली. दिवस जुलैचे होते. शेवटचे अर्धे किलोमीटर सामान शेजारच्याच्या ट्रॅक्टरने गेले, आणि त्या अर्ध्या किलोमीटरचे पैसे कुणी द्यायचे यावर तासभर वाद झाला. पावसाळ्यात या भागात घर हलवूच नये असे माझे मत आहे. हलवावेच लागले तर नुसती ताडपत्री पुरत नाही. गाद्या, पुस्तके, धान्य आधी प्लास्टिकमध्ये बांधून मग वर ताडपत्री घ्यावी. कोकणातून येणार किंवा तिकडे जाणार असाल, तर वरंध घाट पावसाळ्यात अवजड गाड्यांना बंद केला जातो हेही ध्यानात ठेवावे.

आता यादी. मी शंभर पानी वहीत केली. प्रत्येक नगाला नंबर दिला, तोच नंबर खोक्याच्या दोन बाजूंना लिहिला आणि पुढे आत काय आहे ते चार शब्दांत मांडले. ‘१७, स्वयंपाकघर, कपबश्या’ अशा पद्धतीने. मोठ्या वस्तूंवर आधीच काही ओरखडा असेल तर तोही लिहिला आणि मोबाइलवर फोटो काढले. नग झाले त्रेसष्ट. यादीच्या दोन प्रती केल्या. दोन्हींवर मुकादमाची सही आणि माझी सही. तो म्हणाला, “गुरुजी, आमच्यावर भरवसा नाही का?” मी म्हणालो, “आहे, म्हणूनच दोघांच्या सह्या घेतोय. उद्या मी खोटं बोललो तर ही प्रत तुमच्या कामाला येईल.” तो हसला आणि नंतर स्वतःच खोकी मोजू लागला. चांगला माणूस यादीला घाबरत नाही. उलट त्याची जोखीम कमी होते.

बांधणीच्या काही गोष्टी त्या पोरांकडून मी शिकलो. ताटल्या आणि बशा आडव्या रचायच्या नाहीत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या. उभ्या बशीला धक्का कमी लागतो. पुस्तके लहान खोक्यात आणि उशा मोठ्या खोक्यात. आपण नेमके उलट करतो आणि खोक्याचा तळ फाटतो. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून, बर्फ वितळवून, पुसून ठेवायचा. तो उभाच न्यायचा आणि नव्या घरी पोचल्यावर काही तास थांबून मगच सुरू करायचा. पाटा-वरवंटा आणि जाते गाडीच्या तळाला, केबिनच्या बाजूला. वर ठेवले तर एका गचक्यात खालचे सगळे संपते. आपल्याकडच्या गोधड्या या कामाला फार उपयोगी. आरशाला आणि देवांच्या तसबिरींना गोधडीसारखे कवच नाही. टीव्हीच्या मागच्या तारा काढण्याआधी फोटो काढून ठेवला, तर जोडताना शेजाऱ्याच्या मुलाची वाट पाहावी लागत नाही. गॅसचे सिलिंडर मात्र टेम्पोत चढवू नये. जोडणी बदलून घेण्याचे काम वितरकाकडे आधीच करावे.

विम्याबद्दल फसगत फार होते. बिलात ‘विमा’ किंवा ‘जोखीम’ म्हणून काही टक्के लावलेले असतात. ते पैसे विमा कंपनीकडे गेले की वाहतूकदाराच्याच खिशात राहिले, हे बिलावरून कळत नाही. खरा विमा असेल तर विमा कंपनीच्या नावाचे, आपले नाव आणि रक्कम लिहिलेले प्रमाणपत्र मिळते. ते गाडी सुटण्याआधी हातात घ्यावे. विम्याचेही प्रकार असतात. एकात फक्त आग आणि वीज, दुसऱ्यात गाडी उलटणे किंवा अपघातही, आणि तिसऱ्यात फुटतूट आणि चोरीसकट बहुतेक सगळे येते. टेबलाची काच तडकली तर पहिल्या दोन प्रकारांत पैसे मिळायचे नाहीत.

आणखी एक भीती घातली जाते. ‘ई-वे बिल नाही, वाटेत गाडी अडवतील, एवढे पैसे वेगळे द्या.’ घरातले वापरलेले सामान ई-वे बिलातून वगळलेले आहे. सामानाची यादी आणि बिल्टी ड्रायव्हरजवळ असली म्हणजे झाले.

आणि जे हरवले तर पैशाने भरून येत नाही ते टेम्पोत द्यायचेच नाही. जमिनीचे कागद, शाळा-कॉलेजचे दाखले, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके, दागिने, रोख पैसे, चालू औषधे. या वेळी ती पिशवी सौ.च्या मांडीवर होती आणि कात्रजच्या बोगद्यापासून भोरपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही.

सामान उचलणाऱ्या माणसांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. महाराष्ट्रात हमालांसाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली होती. ओझे वाहणाऱ्याच्या मजुरीला, भविष्य निर्वाह निधीला आणि उपचारांना त्या कायद्याने आधार दिला. आपल्या डोंगरी भागातल्या कितीतरी घरांची चूल मुंबईत केलेल्या हमालीवर पेटली आहे. खरा माथाडी मंडळाकडे नोंदलेला असतो, त्याच्याकडे ओळखपत्र असते. त्याच्या नावाचा वापर करून कुणी सोसायटीच्या दारात टेम्पो अडवून पैसे मागितले, तर ओळखपत्र आणि पावती मागावी. ती नसेल तर पोलिसांना फोन करावा. पण जी पोरे आपले कपाट तीन मजले उतरवतात त्यांना पाणी, चहा आणि दुपारी बसायला सावली द्यावी. त्याला कायदा लागत नाही.

भोरला टेम्पो पोचला तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी दारात स्टूल टाकून वही उघडली. एकेक नग आत आला की खूण. मुकादमाने पावती पुढे केली. तीवर तेच वाक्य छापले होते, माल सुस्थितीत व पूर्ण मिळाला. मी म्हणालो, थांबा. नग त्रेसष्ट आले होते, पण कपाटाचा एक पाय वाकला होता आणि सतरा नंबरच्या खोक्यात खळखळ वाजत होते. ते उघडले, दोन कप फुटले होते. मी त्या छापील वाक्याखाली हाताने लिहिले, ‘६३ नग मिळाले. नग ८, कपाटाचा पाय वाकलेला. नग १७, दोन कप फुटलेले. बाकी खोकी उघडून पाहायची आहेत.’ मग सही केली. मुकादमाने कपाटाच्या पायाचे पाचशे रुपये तिथल्या तिथे कमी केले. भांडण नाही, आवाज नाही.

समजा त्याने नकार दिला असता, तर वाट होती. आधी लेखी नोटीस. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. त्यानेही जमले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही करता येते. पैसे उकळण्यासाठी कुणी सामान अडवूनच धरले, तर मात्र सरळ पोलीस ठाणे गाठावे. या सगळ्या दारांत एकच गोष्ट विचारली जाते, कागद आहे का?

मला कुणी विचारतात, इर्जिकीतले ते प्रेम गेले आणि ही वह्या-पावत्यांची कटकट आली, याचे वाईट वाटत नाही का? थोडे वाटते. पण इर्जिकीत हमी नव्हती असे नाही. ती माणसांच्या ओळखीत होती, लिहावी लागत नव्हती. ज्यांना आपण ओळखत नाही आणि जे आपल्याला ओळखत नाहीत, त्यांच्या हाती घर सोपवायचे तर ती ओळख कुठेतरी लिहून ठेवावी लागते. २०११ मध्ये मी जुनी रीत सोडली होती आणि नवी धरली नव्हती. पेटी त्या मधल्या जागेत पडली.

त्रेसष्ट नगांची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. मागच्या मे महिन्यात पुतण्या शिरवळला नव्या घरात राहायला गेला, तेव्हा ती मागायला आला. म्हणाला, “काका, नमुना म्हणून द्या.” मी वही दिली, आणि तिच्याबरोबर एक जाड काळा पेनही दिला, खोक्यांवर नंबर घालायला. तुमच्या दारात टेम्पो उभा राहील त्या दिवशी दोर सोडण्याआधी तुम्हीही एवढे करा. वही उघडा आणि पहिला नंबर घाला.